म्हसोबाच्या वडाखालचा ढीग

धारूरच्या किल्ल्याच्या मागल्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी हिवरदरा नावाचं गाव व्हतं. त्या गावात साखराबाई राहायची. साखराबाई भित्री व्हती. गाव तसंच म्हनायचं, अन् ते खोटं न्हवतं. साप दिसला तर शेपटीला धरून भिरकावील, जंगलाच्या चौकीदाराला तोंडावर शिव्या हासडील, पन धुराचा वास आला की बाईचं अंग लटलट कापायचं. हातातली भाकर खाली पडायची. मग गावातली टवाळ पोरं मुद्दाम चिलीम घेऊन तिच्या मागं जायची.

"साखराआत्या, धूर आला का गं?"

"आला. तुझ्या बापाच्या सरनाचा आला."

आता ती अशी कावून झाली, हे गावातल्या म्हाताऱ्यांना ठावं व्हतं. नऊ वर्साची असताना आईसंगं डोंगरात गवताला गेलती. दुपारचा वारा उठला अन् वनवा आला. आईनं तिला करंजाच्या गच्च हिरव्या जाळीत ढकललं. "हालू नको," म्हनली. अन् सोता कापलेला भारा उचलायला मागं फिरली. एका भाऱ्यासाठी! जाळ आला, करंजाच्या जाळीला वळसा घालून गेला. साखराचा डावा कान गेला, मानंवरचं कातडं चुरगाळलं, पन ती जगली. आई भाऱ्याजवळ घावली.

तवापासून तिला येकच गोष्ट कळली. हिरवं इस्तवाला थांबवतं, अन् वाळलेलं त्याला पळवतं. हे तिला कुन्या मास्तरनं शिकवलं न्हवतं.

पोटाला ती मोळ्या इकायची. डोंगरातून वाळलेलं सरपन तोडायचं, मोळी बांधायची, अन् डोक्यावर घेऊन घाट चढून धारूरच्या बाजारात उभं राहायचं. मानमोडीच्या तापाच्या साथीत लेक अन् जावई आठ दिवसात गेले. मागं राहिला शहादेव, लेकीचा लेक, तवा वर्साचा बी न्हवता. साखराबाईनं त्याला मोळीवर मोळी इकून वाढवला अन् शाळेत घातला.

शाळा म्हंजे काय तर गवताचं छप्पर अन् तुराट्यांचा कूड, वरून शेनमातीचं लिंपन. गावाच्या बाहीर, वढ्याच्या पल्याड, थेट डोंगराच्या टाचंशी. आधी मारुतीच्या देवळात भरायची, पन तिथं भजन आन् शाळा दोन्ही येकदम सुरू झाली की मास्तरला काय ऐकू यायचं न्हाई. म्हनून ही जागा दिली. शाळंच्या मागं डोंगर, मधी करंजाची अन् घायपाताची हिरवी रांग. म्होरं, दारापासून दहा-बारा कदमांवर, म्हसोबाचा वड. दार येकच, वडाकडं तोंड करून.

तो वड म्हंजे सगळ्या गावाच्या म्हशींचा देव. म्हैस व्याली की तिची वार वाळल्या गवताच्या पेंढीत बांधायची अन् वडाच्या फांदीला टांगायची. वडाला जसा पांढरा चीक, तसं म्हशीला दूध उतरतं, असं सगळी मानायची. वडाला अशी पन्नास-साठ बोचकी लटकलेली असायची. नवी असली की वास मारायची, जुनी झाली की खडखडीत वाळायची.

निजामाचं राज व्हतं. फसली सन तेराशे अडतीसचा हिवाळा सरता सरता तहसीलीचा जवान हुकूम घेऊन आला. घाटावरच्या कुठल्या तरी गावात वनव्यात शाळंचं छप्पर जळालं व्हतं, दोन पोरं होरपळली व्हती. कागद उर्दूत. मास्तरनं चावडीवर वाचला अन् मराठीत सांगितला.

"शाळेच्या चारी बाजूनं तीस कदम झाड-झाडोरा राहता कामा न्हाई. शिमग्याच्या आत तामील करा."

साखराबाई चावडीच्या पायरीखाली उभी व्हती. आयुष्यात पैल्यांदा तिला सरकारचा कागद आवडला. कुनाला तरी भ्या वाटतंय, आपल्या येकलीलाच न्हाई, असं तिला वाटलं.

पन तिच्या शेजारची सारजाबाई मोठ्यानं वरडली, "तीस कदमात तर म्हसोबाचा वड येतो की हो पाटील! वडाला कुऱ्हाड लागली की गावच्या म्हशी आटतील. माजी तर गाभन हाय!"

"तुजी हमेशाच गाभन असती," बंकट म्हनला. बंकट म्हंजे गावातला तालमीतला गडी. शिमग्याचा सगळा कारभार त्याच्याकडं. आवाज मोठा, मन वाईट न्हाई, पन डोकं वाऱ्यावर.

पाटील मोहनराव कपाळाला हात लावून बसले. सरकारला न्हाई म्हनता येईना, म्हसोबाला न्हाई म्हनता येईना. शेवटी म्हनले, "वड राहू द्या. बाकी सगळं तोडा. तहसीलीच्या मानसानं इचारलं तर सांगू, देवस्थान हाय."

"पाटील," साखराबाई म्हनली. "मागची करंजाची रांग तेवढी नका तोडू. ती हिरवी हाय. ती डोंगराला आडवी हाय. तोडायची तर वडावरची ती वाळली बोचकी काढा, अन् डोंगराच्या उतारावरचं कुसळ कापा."

सगळी हसली.

"घ्या! वार काढा म्हनती. म्हशीची वार उतरवून काय तुज्या मोळीत बांधायची का?"

"अगं साखरे, कागदात काय लिवलंय? झाडं तोडा. कागदात कुसळाचं नाव हाय का? इचार मास्तरला."

मास्तर बिचारे बीडकडचे, नवे. कागद पुन्हा बघितला. "गवताचं काय लिहिलेलं न्हाई," म्हनले.

झालं. ज्याला देव न्हाई त्याला कुऱ्हाड. दोन दिवसात करंज पडला, घायपात उपटला, बाभळी पडल्या. शाळंच्या मागं डोंगर असा उघडा झाला, जनू घराची मागली भिंत कुनी काढून न्हेली.

इथं एक गोष्ट आडवी आली. त्या वडाच्या आवारातलं लाकूड चुलीत घालायचं न्हाई, ही गावाची रीत. घातलं तर घराला इस्तू लागतो म्हनत. ते लाकूड फकस्त शिमग्याच्या होळीत घालायचं. अन् होळी कुठं? म्हसोबाम्होरं, वडाखाली. मग कशाला उगा इकडून तिकडं न्यायचं! बंकटनं अन् त्याच्या पोरांनी सगळा तोडलेला माल वडाखाली आनून रचला. छातीइतका उंच ढीग झाला. हिरवा हाय तवर कुनाला काय वाटलं न्हाई. शिमग्याला अजून दीड महिना व्हता.

दीड महिन्यात त्याचं काय व्हनार, हे मोळी इकनाऱ्या बाईला कुनी सांगावं?

रोज सकाळी शहादेवला सोडायला ती वडापर्यंत जायची अन् ढिगाकडं बघायची. आधी पानं मऊ पडली. मग पिवळी झाली. मग फांदी वाकवली की लवायची, ती कडाकडा मोडायला लागली. माघ सरला तवा ढिगाला हात लावला की भुगा पडायचा. वर वडाची वाळली बोचकी, खाली वाळला ढीग, अन् त्याच्या म्होरं दहा कदमांवर तेवीस पोरांचं येकुलतं येक दार.

तिनं मास्तरला गाठलं. "मास्तर, मागून वनवा आला अन् म्होरनं हे पेटलं, तर लेकरं कुठून न्हेताल?"

मास्तरच्या तोंडाचं पानी पळालं. ते पाटलाकडं गेले. पाटील म्हनले, "मास्तर, तुमी नवे हाव. होळीचं लाकूड रचलं की हालवत न्हाईत. आता पंधरा दिवस राहिले. डोंगर काय आजच जळतोय व्हय?"

मास्तर तसेच शाळंत परतले. त्यांना बी हितं भाकर खायची व्हती.

साखराबाईनं दोन दिवस शहादेवला शाळंत धाडलं न्हाई. तिसऱ्या दिवशी ती जात्यावर बसली असताना वढ्यापल्याडून पोरांचे पाढे ऐकू आले. बे एके बे. तिनं जात्याचा खुंटा सोडला. आपलं येक लेकरू घरात कोंडून ठेवलं, अन् बाकीची बावीस काय उकिरड्यावर पडलेली हायत का? सारजीचं हाय त्यात, पाटलाचा नातू हाय, त्या बंकटचा धाकला भाऊ हाय.

तिनं शहादेवला शाळंत पाठवला. अन् सोता दोरखंड घेऊन, जेवायच्या सुट्टीत पोरं घरी गेली की, वडाखाली जायला लागली. येक मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची, अन् वढ्याच्या खालच्या आंगाला कपारीत नेऊन टाकायची. रोज दोन मोळ्या. यातली येक काडी बी तिनं इकली न्हाई, येक काडी बी चुलीत घातली न्हाई. हे नीट ध्यानात ठेवा, कावून की म्होरं गावानं तिला काय म्हनलं ते ऐकायचं हाय.

म्हसोबाचं भ्या न्हवतं असं न्हाई. ती पन त्याच गावातली, तिला बी रीत ठावी व्हती. दर वेळेला ती दगडाला हात जोडायची अन् म्हनायची, "देवा, मला जाळायचं तर जाळ. लेकरांच्या आधी जाळ."

सातव्या दिवशी बंकटनं धरली.

"साखराआत्या! होळीचं लाकूड चोरतीस?"

"चोरत न्हाई बाबा. कपारीत टाकते. चल, दावते."

"कपारीत टाकून मग रातच्याला धारूरला न्हेत असशील! तरीच म्हनलं, ढीग खाली कसा बसला. मला वाटलं वाळून बसला."

"बंकट, तुजा भाऊ हाय रे त्या शाळंत."

"माज्या भावाचं नाव काढू नको. होळीचं लाकूड घरी न्हेनारीच्या घराला आग लागती, समजलं?"

चावडीवर बोलावलं. अख्खा गाव गोळा झाला. मोळी इकनारी बाई होळीचा ढीग चोरती, याच्याइतकी सोपी गोष्ट कोनची? कपार बघायला कुनी गेलं न्हाई. कोन उतरनार तिथं! सारजाबाई, जिच्या बाळंतपनात साखराबाईनं आठ दिवस पानी तापवून घातलं, ती तोंड फिरवून म्हनली, "आता माजी म्हैस आटली तर हिच्यामुळं." पाटलांनी हुकूम केला, शिमगा व्हईपर्यंत साखराबाईनं वडाखाली पाऊल टाकायचं न्हाई. बंकटनं पायातली वहान काढून दाखवली. मारली न्हाई. दाखवली.

साखराबाई तशीच घराकडं वळली. तिथं बोलून काय उपेग व्हता? घरी आल्यावर शहादेव रडत व्हता, पोरांनी त्याला चोरनीचा म्हनलं व्हतं. तिनं त्याचे डोळे पुसले अन् येकच सांगितलं, "शाळंत दारापाशी बसायचं न्हाई. उत्तरेच्या कुडाला टेकून बस, तिकडं ना डोंगर ना वड. धूर दिसला की कुडाला लाथा घाल."

"कावून गं माय?"

"मी म्हनते म्हनून."

निम्मा ढीग गेला व्हता, निम्मा तसाच राहिला.

शिमग्याला पाच दिवस राहिले तवा ती डोंगराच्या वरल्या टप्प्याला मोळी बांधत व्हती. दुपार टळली व्हती. वारा अंगावर आला अन् तिच्या नाकाला तो वास लागला. तिनं मान वर केली. खिंडीच्या तोंडाशी धूर न्हवता, धुराची भिंत व्हती. कुन्या गुराख्यानं, म्होरल्या साली गवत चांगलं यावं म्हनून, पेटवून दिलं असंल. दर साली कुनी ना कुनी देतंच.

तिचे पाय जाग्यावर रोवले. खरं सांगायचं तर थोडा येळ ती हालूच शकली न्हाई. कान, मान, सगळं पुन्हा जळायला लागल्यावानी झालं. मग खाली शाळंचं छप्पर दिसलं. तिनं मोळी टाकली, कुऱ्हाड तेवढी हातात ठेवली, अन् उतारानं पळत सुटली. पडली, उठली, गुडघे फुटले. वनवा तिच्या मागं न्हवता, तिच्या बरोबर व्हता. कुसळातून तो असा सरसर यायचा, जनू कुनी पिवळं लुगडं ओढत न्हेतंय. पूर्वी तिथं करंज व्हता. आता आडवं कुनीच न्हवतं.

शाळंजवळ आली तर दार बंद! धूर आत येतो म्हनून मास्तरनं लावून घेतलं व्हतं, आतून अडसर घातला व्हता.

"मास्तर! दार उघडा! भाईर काढा लेकरं!"

आतून पोरांचा गलका. तेवढ्यात वरून ठिनग्यांचा सडा आला. वडावरचं येक बोचकं पेटलं. दोरी जळली, अन् पेटलेलं बोचकं थेट ढिगावर पडलं. धप्प. क्षनभर काय झालं न्हाई. मग ढीग फुसकन पेटला. मास्तरनं दार उघडलं अन् जाळाची धग तोंडावर आली तसं पुन्हा मागं सरले. मागं वनवा, म्होरं होळी. जसं ती म्हनली व्हती, अगदी तसंच.

उत्तरेच्या कुडावर आतून लाथा बसत व्हत्या. धाड, धाड. लिंपन गळत व्हतं.

"मागं सर, शहादेव! सगळी मागं सरा!"

तिनं कुऱ्हाड घातली. तुराट्या कडाकडा तुटल्या. येक, दोन, तीन घाव. भोक पडलं. तिनं हातानं कूड ओढून मोठं केलं, तळव्यात तुराट्यांच्या कचपट्या शिरल्या. पैला भाईर आला तो पाटलाचा नातू, मग दोन-दोन, तीन-तीन. "वढ्यात! वढ्यात पळा! मागं बघू नका!" बंकटचा भाऊ अडकला, त्याचा सदरा अडकला, तिनं सदऱ्यासकट ओढला. मास्तर सर्वात शेवटी आले, त्यांच्या कडंला येक लहान पोर. छपराला तवर जाळ लागला व्हता.

ढीग पुरा असता तर त्याचा जाळ दारावरच न्हाई, छपरावर बी तवाच आला असता. निम्मा व्हता म्हनून येळ मिळाला. हे बी नीट ध्यानात ठेवा.

वढ्याच्या वाळूत साखराबाईनं पोरं मोजली. बावीस. पुन्हा मोजली. बावीस. "कोन न्हाई? कोन न्हाई रे?"

"माय," तिच्या पदराला धरून उभा शहादेव म्हनला, "तू मला मोजलंच न्हाई."

ती वाळूत बसली अन् मग जी रडायला लागली, ती गाव पळत येईपर्यंत थांबली न्हाई.

शाळा राख झाली. वडाची येक बाजू काळी पडली, दुसरी हिरवीच राहिली. अन् गाव काय म्हनलं? म्हसोबानं राखलं. वडामुळं वाचलं. नारळ फुटले, सारजाबाईनं निवद दाखवला. साखराबाईच्या तळहातांना हळद लावायला मास्तर तेवढे आले. चोरनीचा ठपका कुनी काढला बी न्हाई अन् पुन्हा बोललं बी न्हाई. गावाची ही बी येक रीत.

मास्तरनं शाळा वडाच्या हिरव्या बाजूखाली भरवली. दुसरं छप्पर कुठं व्हतं?

तिसऱ्या दिवशी साखराबाई वढ्यावर गेली तर बंकट अन् त्याची टोळी बैलगाडीतून लाकडं उतरवत व्हती. शिमगा दोन दिवसांवर आलता, अन् होळीची जागा ठरलेली व्हती. म्हसोबाम्होरं. तिथंच, जुन्या राखंवर, ते रचायला लागले. पलीकडं पोरं पाढे म्हनत बसलेली.

साखराबाईला वाटलं आपन आंधळ्यांच्या गावात राहतो. ती गेली अन् त्या राखंवर, लाकडांच्या मधोमध मांडी घालून बसली.

"उठ आत्या," बंकट म्हनला. त्याचा आवाज पैल्यासारखा न्हवता.

"न्हाई उठत."

"अगं, होळीची जागा हाय ही."

"रच की. माज्या आंगावर रच. मला जाळून मग सन करा."

"आता सारखं आग लागनार हाय का?"

"तुज्या भावाचा सदरा फाटलाय, तो धुवून ठेवलाय का न्हाई घरी? जा, बघून ये. मग इचार."

बंकटनं हातातलं लाकूड खाली ठेवलं. कुनी तरी पाटलाला बोलवायला पळालं. मास्तरनं पाढे थांबवले. मोहनराव आले तवा सगळी पोरं गोल करून उभी व्हती, नातू बी त्यातच.

"साखराबाई, उठ. देवाच्या कामात आडवं येऊ ने."

"पाटील, वहान काढा, मारा. चोरनी म्हना. पन मी जित्ती असताना या शाळंम्होरं येक वाळली काडी बी पडू देनार न्हाई. मला लई भ्या वाटतंय वो. तुमाला कावून वाटत न्हाई?"

पाटील उभे राहिले. नातवाच्या हातावर धगीचे फोड आलते, त्याच्याकडं त्यांची नजर गेली.

"बंकट, उचल ही लाकडं."

"कुठं न्यायची पाटील?"

"वढ्यापल्याड. गावाच्या पांदीत."

"अन् म्हसोबा?"

"त्याला मी सांगतो. अन् वडावरची ती वाळली बोचकी बी उतरवा. नवी टांगायची तर ओल्या पाल्यात बांधा."

"पाटील, म्हैस..." सारजाबाईनं सुरू केलं.

"सारजे, तू गप."

बंकटनं वाकून पैलं लाकूड उचललं. मग दुसऱ्यानं. साखराबाई तशीच मांडी घालून बसलेली. तिची नजर डोंगराकडं व्हती. शेवटचं लाकूड वढ्यापल्याड गेलं, तवाच ती उठली, लुगड्याची राख झटकली, अन् मास्तरला म्हनली, "हां, म्हना आता पाढे."